बहिणींच्या सह्या आम्ही घेतल्या

हिंदू कोड बिलावर आम्ही दोघा भावांनी मिळून आजवर पन्नासेक भाषणं तरी केली असतील. आठ मार्चला, पंचवीस डिसेंबरला, जयंतीच्या व्याख्यानमालेत, विहारातल्या रविवारच्या वर्गात. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपदावर पाणी सोडलं, हे वाक्य आलं की टाळ्या ठरलेल्या. समोर बसलेल्या आयाबायांचे डोळे भरून येतात. आमचेही येतात, खोटं कशाला बोला.

आणि आमच्या शेताचा सातबारा काढला तर त्यावर दोन नावं आहेत. दोन्ही आमचीच. त्यांच्या वर आणखी चार नावं आहेत, पण ती कंसात. आई, ताई, माई आणि धाकटी. ज्यांनी गावात कधी सातबारा हातात घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो: नावाला कंस पडला म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. महसुली कागदावर नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात. त्यामुळे कोण होतं आणि कोण गेलं हे पुढच्या पिढीलाही वाचता येतं. आमच्या घरातल्या चारही बायका कंसात गेल्या, त्या तारखेला आम्ही दोघं तिथंच उभे होतो. आम्हीच त्यांना घेऊन गेलो होतो.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. धाकटीला वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. बाकीचं राहू द्या म्हणाली.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. मराठवाड्यातलं आमचं गाव. आजोबांच्या वाट्याला वतनाचा जो तुकडा होता तो कधीच दुसऱ्यांच्या घशात गेला होता, त्याची कहाणी वेगळी आणि तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात तीच असेल. वडिलांनी पगारातून पै-पै साठवून १९८६ साली तीन एकर कोरडवाहू जमीन घेतली. आमच्या वाड्यात स्वतःच्या पैशानं रान घेणारा हा पहिला माणूस. खरेदीखत झालं त्या दिवशी आईनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. त्या पैशात तिचाही वाटा होता. वडिलांचा पगार बँकेत राहावा म्हणून घर तिच्या रोजंदारीवर चालायचं. पण खरेदीखतावर तिचं नाव घालावं हे वडिलांच्याही मनात आलं नाही, आणि वडील काही साधे गृहस्थ नव्हते, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात डिसेंबर १९६४ मध्ये आजोबांच्या बोटाला धरून तुरुंगाच्या दारापर्यंत गेलेले होते.

वडील २०१२ च्या जानेवारीत गेले. तलाठ्याकडं वारस नोंद झाली, सहा नावं लागली. आई, आम्ही दोघं, तिघी बहिणी. इथपर्यंत सगळं कायद्यानं. मग आम्हाला सोसायटीचं पीक कर्ज काढायचं होतं. खात्यावर सहा नावं म्हणजे सहा सह्या. ताई एका जिल्ह्यात, माई दुसऱ्या, धाकटी पुण्याजवळ. सचिव म्हणाला, "बहिणींचं हक्कसोड करून घ्या ना, कटकट मिटेल. सगळेच करतात." सगळेच करतात हे खरं होतं. आम्ही फार विचारही केला नाही. उलट सोय बघितली: जयंतीला तिघी माहेरी येणारच आहेत, तेव्हाच उरकून टाकू.

२०१३ ची जयंती रविवारी होती. मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालली. तिघी बहिणी निळ्या फेट्यांत लेझीम खेळल्या. सोमवारचा दिवस झोपेत आणि पाहुण्यांत गेला, आणि मंगळवारी, सोळा एप्रिलला, आम्ही जीप करून सगळ्यांना तालुक्याला नेलं. दस्त लिहिणाऱ्यानं मजकूर तयारच ठेवला होता. "स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता." दोनशे रुपयांचा मुद्रांक. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क बहिणीनं भावासाठी सोडला तर तेव्हा मुद्रांक शुल्क दोनशे रुपये होतं, २०२४ पासून ते पाचशे झालं आहे.

आई नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती. कागदावर वाकून, एकेक अक्षर जोडत तिनं सही केली. अंगठाबहाद्दर समजून तिथल्या कारकुनानं शाईचा पॅड आधीच पुढं सरकवला होता. आई म्हणाली, "मला येती सही." आम्हाला इतका अभिमान वाटला की आम्ही मोबाइलमध्ये फोटो काढला. तो फोटो अजून आहे. चष्मा नाकावर घसरलेला, जीभ किंचित बाहेर आलेली, आणि शिकलेल्या सहीनं ती स्वतःचे वीस गुंठे आम्हाला देऊन टाकते आहे.

हिशोब सोपा आहे. तीन एकर म्हणजे एकशे वीस गुंठे. सहा वारस. प्रत्येकाचे वीस. आम्हा दोघांचे मिळून चाळीस होते. दुपारी बारा वाजता ते एकशे वीस झाले. परतीच्या वाटेवर तिघींना आणि आईला कापडाच्या दुकानात नेऊन एकेक साडी घेतली. चार साड्या, ऐंशी गुंठे.

तेव्हा फक्त धाकटीनं एक प्रश्न विचारला होता. "दादा, कर्जासाठी सह्या पाहिजेत तर कर्जाच्या कागदावर घ्या की. हक्क कशाला सोडायचा?" थोरल्यानं सांगितलं, "अगं, फॉर्म्यालिटी असती." ती गप्प बसली. ताई तिच्यावर रागावली, "दोन गुंठ्यासाठी माहेर तोडतीस का?"

या एका वाक्यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या वस्त्यांमध्ये सगळा व्यवहार या वाक्यावर चालतो. माहेर म्हणजे काय? बाईला नवऱ्यानं मारलं, टाकलं, नवरा मेला, तर परत येण्याची जागा. एवढाच तिचा विमा. आणि त्या विम्याचा हप्ता म्हणून ती आपला वाटा सोडते. वाटा मागितला तर भाऊ बोलायचा बंद होईल, वहिनी दार लावेल, म्हणून हक्क सोडून हक्काची जागा राखायची. जगात असा दुसरा व्यवहार असेल का, जिथं घर गमावू नये म्हणून घरावरची मालकी सोडावी लागते? आणि भाऊ? भावाला काही बोलावंही लागत नाही. आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही. आवाज चढवला नाही. जबरदस्ती करण्याची गरजच पडत नाही, इतकी ती व्यवस्था तेलपाणी केलेल्या यंत्रासारखी चालते. मनुस्मृती जाळली तरी चालते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत धाकटीचा नवरा गेला. दोन मुली, एक सहावीत, एक दुसरीत. नवऱ्याची नोकरी कंत्राटी होती, हातात काही आलं नाही. राहतं घर सासऱ्याच्या नावावर, सासरे हयात. म्हणजे त्या घरावर तिचं नाव लागण्याचा प्रश्नच नाही. दीर म्हणाले, राहा की, कोण नाही म्हणतंय. पण वर्षभरात भांडी वेगळी झाली, मग विजेचं बिल, मग नळाची वेळ. ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिनं भाड्यानं एक खोली घेतली आणि शिवणकाम सुरू केलं.

२०२२ मध्ये ती गावी आली आणि म्हणाली, घराच्या मागं दोन खणांची जागा द्या, मी पत्रे टाकते, पोरींना घेऊन राहते. आम्ही दोघंही एका तोंडानं म्हणालो, "अगं ये की. घर तुझंच हाय."

ती म्हणाली, "माझंच हाय तर मंग माझं नाव कुठंय?"

आम्ही गप्प. ती पुढं जे बोलली त्यात राग नव्हता, ही गोष्ट जास्त लागली. ती ग्रामपंचायतीत जाऊन आली होती. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळेल का, हे विचारायला. तिथं विचारलं, जागा कुणाच्या नावावर आहे? नमुना आठचा उतारा आणा. नमुना आठवर आमची दोघांची नावं. सासरच्या नमुना आठवर सासऱ्याचं नाव. विधवा, बौद्ध, दोन मुली, स्वतःचं घर नाही, अशा बाईसाठीच तर ही योजना, आणि नेमका त्याच बाईला लाभ मिळत नाही, कारण घर बांधायला आधी जागा लागते आणि जागा पुरुषाच्या नावावर असते. योजनेला नाव रमाईचं आहे. तुमच्या वस्तीतल्या या योजनेच्या घरांचे उतारे एकदा काढून बघा, त्यावर किती रमा आहेत ते मोजा.

आता कायद्याचं बोलू, कारण या विषयावर आपल्यातले चांगले वाचणारे कार्यकर्तेसुद्धा गोंधळतात. आम्हीही गोंधळलेलो होतो. सरसकट सांगितलं जातं की मुलींना २००५ साली हक्क मिळाला. ते अर्धं खरं आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे, त्यात मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली. महाराष्ट्रानं हे १९९४ मध्येच केलं होतं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट राहिली नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असायला हवेत अशीही अट नाही. हे सगळं वडिलोपार्जित मिळकतीचं. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले असतील, तर मुलगी, मुलगा आणि विधवा यांचा वाटा समान आहे. २००५ पासून नव्हे, १९५६ च्या मूळ कायद्यापासून. आणि या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांनाही तोच लागू केलेला आहे. आपल्यापैकी बहुतेकांची जी काही जमीन आहे ती बापानं किंवा आजोबानं स्वतः घेतलेली. पिढीजात जमीनदारी आपल्याकडं कुठून येणार? म्हणजे आपल्या घरांमध्ये मुलीचा वाटा जवळपास सत्तर वर्षांपासून कायद्यात बसलेला आहे. अडलं आहे ते कायद्यात नाही.

आणि हा कायदा सुद्धा बाबासाहेबांना हवा होता तसा नाही. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीनं तो मुलाइतका केला. जन्मानं फक्त पुरुषाला मिळणारी मिळकतीची जी मिताक्षरा पद्धत, तीच मोडीत काढायचा त्यांचा प्रस्ताव होता. संसदेत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, २७ सप्टेंबर १९५१ चा राजीनामा तुम्हाला पाठ आहे. नंतर १९५६ साली जो कायदा आला त्यात मिताक्षरा पद्धत शाबूत ठेवली गेली, आणि ती दुरुस्त करायला आणखी एकोणपन्नास वर्षं लागली. आम्ही व्याख्यानात इथं थांबायचो. संसदेतल्या सनातन्यांनी बिल कसं पाडलं ते सांगायचो. पण जेवढं मंजूर झालं तेवढं आमच्या घरात कुणी पाडलं? तिथं कुणी सनातनी नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि जीपचं भाडं आम्ही दिलं होतं.

वस्तीत हा विषय काढला की पहिली हरकत येते: आपल्याकडं जमीन आहेच किती? खरं आहे. देशातल्या वहिती क्षेत्रात अनुसूचित जातींचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर खातेदारांमागं बायका चौदाच्या घरात, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र बारा टक्क्यांहून कमी. या दोन आकड्यांना एकमेकांत धरून बघा, म्हणजे दलित बाईच्या वाट्याला काय उरतं ते कळेल. म्हणून ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांनी हा प्रश्न सोडून द्यायचा? आम्ही उलट म्हणतो. थोडं असलेल्यांच्या घरात कुणाला किती द्यायचं हे सगळ्यात कठोरपणे ठरवलं जातं. शंभर एकरवाल्याच्या मुलीनं हक्क सोडला तरी तिच्याकडं सोनं असतं, शिक्षण असतं, नवऱ्याचा फ्लॅट असतो. आमच्या धाकटीकडं ते वीस गुंठे सोडून दुसरं काही नव्हतं.

आणि जमीन मिळवण्याच्या लढ्यातही तेच. कसेल त्याची जमीन. ही घोषणा आम्ही लहानपणापासून दिली, तिच्यातल्या "त्याची"कडं कधी लक्ष गेलं नाही. मराठवाड्यात गायरानं कसायला पुढं कोण होतं? गावगुंडांनी उभं पीक जाळलं तेव्हा रात्र रानात काढणाऱ्या बायकाच होत्या, पोलीस आले की आडव्या पडणाऱ्याही त्याच. आमच्या मावशीनं गायरानाच्या केसमध्ये तीन वर्षं तारखा केल्या. अतिक्रमण नियमित करायची यादी आली तेव्हा तिच्यात मावशाचं नाव होतं.

बोधगयेचं आंदोलन या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे, आणि आपल्याकडं त्याची चर्चा फार कमी होते. गया म्हटलं की आपल्याला महाविहार आठवतो. त्याच परिसरात एका शंकराचार्य परंपरेतल्या मठाच्या ताब्यात हजारो एकर जमीन होती, कमाल जमीन धारणा कायद्याच्या मर्यादेला फाटा देऊन बाळगलेली. ती कसणारे बहुतांश भुइयाँ या दलित जातीचे भूमिहीन मजूर. १९७८ पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या साथीनं त्यांनी लढा दिला. बायका मोर्चात होत्या, तुरुंगात होत्या, लाठ्या खाल्ल्या होत्या. जमीन वाटायची वेळ आली तेव्हा यादी झाली कुटुंबप्रमुख पुरुषांची. त्या बायकांनी तिथंच हरकत घेतली. मालक गेला आणि नवरा मालक झाला, तर आमच्या आयुष्यात बदललं काय, असा त्यांचा सवाल होता. काही गावांत पुरुषांना हे पटलं, जमीन बायकांच्या नावे करा असा गावानं निर्णय केला. मग सरकारी अधिकारी अडून बसले की कुटुंबप्रमुख पुरुषच असतो. तिथंही ते मागं हटले नाहीत आणि काही गावांत शेवटी बायकांच्या नावावर पट्टे झाले. जिथं पोटाला अन्न नव्हतं अशा भूमिहीन वस्त्यांत हे घडलं. त्यांनी असं म्हटलं नाही की आधी मठाचा प्रश्न सोडवू, बायकांचं नंतर बघू.

नावानं काय फरक पडतो, घर तर सगळ्यांचंच असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाचशेच्या आसपास विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर घर आणि जमीन दोन्ही होती, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होतं. नवरे तेच, गावं तीच. जिला निघून जायला जागा आहे, तिच्यावर हात उचलण्याआधी माणूस विचार करतो. प्रबोधनाची शिबिरं आम्हीही घेतो, पुढंही घेऊ. पण आमच्या कुठल्या शिबिरानं एवढा फरक पडल्याचं आम्हाला आठवत नाही.

लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा वाटा, ही दुसरी हरकत. आमच्या तिघींच्या लग्नात वडिलांनी भांडीकुंडी दिली, ताईच्या वेळी मोटारसायकलही. ती मोटारसायकल ताईनं एकदाही चालवली नाही. तिच्या नावावरही नव्हती. एवढंच सांगतो आणि पुढं जातो.

तर चूक उमगली, आता वाटा परत करू, असं आम्ही ठरवलं. वाटलं, जसे गेलो तसे जीप करून जाऊ आणि उलट कागद करून येऊ. दस्त लिहिणाऱ्यानं समजावलं: हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावे होतं. बहिणी आता हिस्सेदारच नाहीत, कंसात आहेत. त्यामुळे तुम्हाला बक्षीसपत्र करावं लागेल. आणि भावानं बहिणीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क बाजारभावाच्या तीन टक्के. शीघ्रसिद्ध गणकाप्रमाणं धाकटीचे वीस गुंठे आणि घरामागची जागा मिळून सव्वाचार लाख होत होते. पावणेतेरा हजार शुल्क, वर नोंदणी फी.

हे ऐकून आम्ही बाहेर टपरीवर येऊन बसलो. बाईकडून पुरुषाकडं यायला दोनशे रुपये लागले. पुरुषाकडून बाईकडं जायला पावणेतेरा हजार. कायदा बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. एकदा सही झाली की ती उलटवणं किती महाग पडतं, एवढंच आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावं. तुमच्या बहिणीनं अजून सही केली नसेल, तर आज एक पैसाही न घालवता तिचा हक्क शाबूत आहे. पीक कर्जाला सह्या लागतात तर सह्यांना जा. एसटीचं तिकीट काढा.

पैशाची अडचण एक झाली. दुसरी अडचण घरातून आली, आणि ती आम्ही ओळखली नव्हती. थोरल्याची बायको म्हणाली, "नणंदेचं नाव लावताय, चांगलंच हाय. आमचं कधी लावताय?" मग धाकट्याच्या बायकोनंही तोंड उघडलं. दोघींनीही लग्नानंतर आपापल्या माहेरी हक्कसोड करून दिलेलं होतं. धाकट्याच्या बायकोच्या वेळी तर धाकटा स्वतः सोबत गेला होता, मेव्हण्याशी संबंध चांगले राहावेत म्हणून. म्हणजे आमच्या घरात चार बायकांच्या सह्या आल्या आणि दोन बायकांच्या सह्या बाहेर गेल्या. आमच्या मेव्हण्यांच्या घरातही असाच हिशोब असणार. सगळीकडून जमीन फिरली आणि प्रत्येक घरात पुरुषाच्याच नावावर येऊन थांबली.

बायकोचं नाव लावण्याला फारसा खर्च नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला पती-पत्नी दोघांचं नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्तीची योजना त्याही आधीची, १९९२ ची, शेतकरी संघटनेनं चालवलेल्या मोहिमेतून आलेली. शरद जोशींशी आपले वैचारिक मतभेद असतील, आमचे आहेतच, योजनेच्या नावातली लक्ष्मीही आम्हाला खटकते. पण ते सगळं बाजूला ठेवून विचारतो: इतक्या वर्षांत आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो एक अर्ज भरला? आम्ही भरला नव्हता. अर्ज एका पानाचा आहे.

मागच्या महिन्यात धाकटीच्या बक्षीसपत्राचा दिवस ठरला. पैसे आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे घातले. वहिनींच्या नावाचे अर्ज त्याच्या आदल्या आठवड्यात दिले. ताई म्हणाली मला नको, मी सुखात आहे, माझ्या वाट्याचं आईच्या नावानं करा. आई म्हणाली, माझं वय झालं, आता मला कशाला. मग रात्री उशिरा तिनंच विचारलं, "पण आता माझी सही लागंल का तिथं?" लागणार नाही म्हटल्यावर ती जरा हिरमुसली. तिचा कागद आम्ही पुढच्या हंगामाच्या पैशातून करणार आहोत, त्याला मुलाकडून आईला म्हणून तेच तीन टक्के लागतील.

दस्त लिहिणारा तोच होता, आता डोक्यावर केस कमी. त्यानं संगणकावरचा साचा उघडला. बक्षीसपत्राच्या साच्यात वाक्य असतं: "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी आम्ही सदर मिळकत आपणास बक्षीस देत आहोत." धाकटी शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, "प्रेमापोटी नका लिहू. बक्षीस पण नका लिहू. माझं हाय ते मला परत मिळायलंय." दस्त लिहिणारा म्हणाला, ताई, बक्षीस शब्द काढला तर बक्षीसपत्र कसं होईल, निबंधक परत पाठवतील. ती ऐकेना. पंधरा मिनिटं वाद चालला. आम्ही मध्ये बोललो नाही. शेवटी बक्षीस आणि प्रेम दोन्ही राहिलं, आणि त्याच्याखाली एक ओळ वाढली: लिहून घेणार यांनी १६ एप्रिल २०१३ रोजीच्या दस्ताने सोडलेला त्यांचा हिस्सा याद्वारे त्यांना परत मिळत आहे. त्या ओळीला कायद्यात काही किंमत नाही, असं तो म्हणाला. टाइप मात्र केली.

फेरफाराची नोटीस निघाली आहे, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत चालू आहे. वाड्यातले दोन-तीन जण येऊन विचारून गेले, खरंच केलंत का? त्यातल्या एकानं सल्ला दिला की गावभर सांगू नका, बाकीच्यांच्या बहिणी जाग्या होतील. परवा रात्री माईचा फोन आला. ती या सगळ्यात एक शब्दही बोललेली नव्हती. इकडचं तिकडचं विचारलं, पाऊस, आईचे गुडघे, पोरांच्या परीक्षा. मग म्हणाली, "भाऊ, माझ्या कागदाला किती खर्च येईल?"